युबिसॉफ्टचे आर्थिक भवितव्य : पुण्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

युबिसॉफ्ट ही व्हिडिओ गेम प्रकाशित करणारी फ्रेंच कंपनी गेली तीन-चार वर्षे अडचणीत आहे, आणि तिचा एक स्टुडिओ पुण्यात असल्यामुळे तिच्याविषयीची प्रत्येक बातमी इथल्या काही घरांमध्ये काळजीने वाचली जाते. मी हिशेब तपासण्याच्या व्यवसायातला माणूस असल्याने ओळखीचे लोक मला याबद्दल विचारतात. त्यात गेमच्या क्षेत्रात काम करणारी मुले आहेत, त्यांचे आईवडील आहेत आणि पडलेला शेअर पाहून मोह झालेलेही आहेत. प्रत्येकाचा प्रश्न वरवर एकच असतो, ‘कंपनी वाचेल का?’, पण प्रत्येकाला जे वाचवायचे असते ते वेगळेच. पुढील उत्तरे जानेवारी २०२६ अखेरपर्यंत कंपनीने जाहीर केलेल्या माहितीच्या आधारे दिली आहेत. रकमा युरोंत असून एक अब्ज म्हणजे शंभर कोटी, हे ध्यानात ठेवावे.

ही कंपनी कोणाची, आणि पुण्याशी तिचा संबंध कसा आला?

ब्रिटनी प्रांतातील कारान्त्वार या गावी शेतीच्या साहित्याचा व्यापार करणाऱ्या गियमो कुटुंबातील पाच भावांनी १९८६ मध्ये युबिसॉफ्ट सुरू केली. १९९६ मध्ये तिचे शेअर पॅरिसच्या बाजारात आले. पाच भावांपैकी इव्ह गियमो आजही तिचे मुख्य कार्यकारी अधिकारी आहेत. याच कुटुंबाने उभ्या केलेल्या गेमलॉफ्ट या मोबाइल गेमच्या कंपनीचा पुण्यातील स्टुडिओ युबिसॉफ्टने २००८ मध्ये आपल्याकडे घेतला, तेव्हापासून पुण्याचे नाव या कंपनीशी जोडले गेले आहे. ‘जस्ट डान्स’सारख्या मालिकांचे काम इथे झाले. मुंबईचा स्टुडिओ नंतर, २०१८ मध्ये आला.

गेमलॉफ्टचे पुढे काय झाले, हेही माहीत असावे, कारण त्यातून गियमो कुटुंबाचे नंतरचे वागणे समजते. २०१६ मध्ये व्हिवेंदी या फ्रेंच माध्यमसमूहाने कुटुंबाचा विरोध असतानाही गेमलॉफ्ट ताब्यात घेतली, आणि त्याच सुमारास युबिसॉफ्टमधीलही पाव हिश्श्याहून अधिक शेअर गोळा केले. २०१८ मध्ये व्हिवेंदी बाहेर पडली आणि तिच्या शेअरचा काही भाग चीनच्या टेन्सेंट या इंटरनेट व गेमच्या कंपनीने घेतला. एक कंपनी गमावल्यानंतर दुसरी सोडायची नाही, हा निश्चय तेव्हापासून या घराण्याच्या प्रत्येक आर्थिक निर्णयात दिसतो.

‘अडचणीत’ म्हणजे नेमके किती अडचणीत?

आकडे क्रमाने पाहू. कंपनीचे आर्थिक वर्ष आपल्यासारखेच ३१ मार्चला संपते, त्यामुळे तुलना सोपी जाते. २०२२-२३ मध्ये तिला ४९.४ कोटी युरोंचा निव्वळ तोटा झाला. २०२३-२४ मध्ये नेट बुकिंग्ज (ढोबळमानाने विक्री) २.३२ अब्ज युरोंवर गेली आणि सुमारे ४० कोटींचा कार्यचालन नफा (व्याज व कर वजा करण्यापूर्वीचा) झाला, त्यामुळे आजार बरा झाल्याचा समज पसरला. २०२४-२५ मध्ये बुकिंग्ज वीस टक्क्यांनी घसरून १.८५ अब्जांवर आली आणि निव्वळ तोटा १५.९ कोटींचा झाला. नंतर २१ जानेवारी २०२६ रोजी कंपनीने सांगितले की, २०२५-२६ मध्ये बुकिंग्ज सुमारे दीड अब्जच राहील आणि कार्यचालन तोटा सुमारे एक अब्ज युरोंचा होईल.

दीड अब्जांच्या विक्रीवर एक अब्जाचा तोटा हा आकडा छातीत धडकी भरवणारा आहे, यात शंका नाही. मात्र त्यातील सुमारे ६५ कोटी युरो हा त्या वर्षी खिशातून गेलेला पैसा नव्हे. रद्द वा लांबणीवर टाकलेल्या खेळांवर आधीच खर्च झालेली आणि आजवर मालमत्ता म्हणून दाखवलेली रक्कम त्या वर्षी पुस्तकातून पुसली गेली. म्हणून तोट्याबरोबर रोखीचाही आकडा पाहावा. त्या वर्षी कामकाजातून ४० ते ५० कोटी युरोंची रोकड बाहेर जाईल, असा कंपनीचाच अंदाज होता. पुसलेल्या ६५ कोटींपेक्षा मला हा आकडा अधिक चिंताजनक वाटतो.

इतके प्रसिद्ध खेळ विकले जातात, तरी पैसा जातो कुठे?

हे समजण्यासाठी पुणेकरांना फार दूर जायला नको. दिवाळी अंक काढणाऱ्या प्रकाशकाचा हिशेब डोळ्यांपुढे आणावा. लेखकांचे मानधन, चित्रे, कागद, छपाई यांचा सारा खर्च दिवाळीपूर्वी होतो आणि वसुली दिवाळीनंतर, तीही विक्रेत्यांकडून हळूहळू होते. अंक आठ दिवस उशिरा आला, तर खर्चात एका पैशाचीही बचत होत नाही, विक्री मात्र निम्म्यावर येते. मोठ्या खेळाचे अर्थकारण असेच चालते, फक्त तिथे ‘दिवाळी’ म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबरचा नाताळचा हंगाम असतो आणि अंकाची तयारी पाच-पाच वर्षे चालते. या पाच वर्षांत शेकडो माणसांचे पगार, कार्यालयांची भाडी आणि बाहेरून करून घेतलेली कामे अशी रक्कम दरमहा वाहत राहते.

आता हिशेबाचा भाग. खेळ तयार होत असताना त्यावरचा खर्च त्याच वर्षी नफा-तोटा पत्रकात न दाखवता ताळेबंदात अमूर्त मालमत्ता म्हणून धरण्याची मुभा लेखा-मानकांमध्ये काही अटींवर आहे, आणि मोठे प्रकाशक ती वापरतात. खेळ बाजारात आल्यावर ही रक्कम त्याच्या विक्रीसमोर टप्प्याटप्प्याने खर्ची पडते. त्यात गैर काही नाही, मात्र त्यामुळे ताळेबंद खऱ्या परिस्थितीपेक्षा सुदृढ दिसू शकतो. खेळ चालणार नाही, असे व्यवस्थापनाला मनातून ठाऊक असले, तरी तो रद्द झाल्याचे जाहीर करेपर्यंत त्यावरचा खर्च मालमत्ता म्हणून मिरवू शकतो, आणि जाहीर करण्याच्या दिवशी पाच वर्षांचे दुखणे एकदम अंगावर येते. जानेवारी २०२३ मध्ये कंपनीने तीन खेळ रद्द करून सुमारे ५० कोटी युरो असेच पुसले होते. तीन वर्षांनी सहा खेळ रद्द झाले. एकदा घडले तर अपघात म्हणता येईल. दुसऱ्यांदा घडल्यावर कोणता खेळ करायचा आणि कोणता वेळीच थांबवायचा, हे ठरवण्याची पद्धतच सदोष आहे, असे म्हणावे लागते.

‘नेट बुकिंग्ज’ म्हणजे विक्रीच ना?

जवळपास. ऑनलाइन सेवा पुढे द्यायची असल्यामुळे विक्रीची काही रक्कम लेखा-मानकांनुसार नंतरच्या काळात दाखवावी लागते. ती पुढे न ढकलता त्या काळात खरोखर झालेली विक्री म्हणजे नेट बुकिंग्ज. दोन कंपन्यांची तुलना करताना दोन्हीकडे हाच आकडा घ्यावा, एवढे पुरे.

सर्वांत मोठा फटका कोणत्या खेळांनी दिला?

‘स्कल अँड बोन्स’ हा समुद्री चाच्यांचा खेळ २०१७ मध्ये जाहीर झाला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये बाजारात आला. त्याची किंमत फार आहे, अशी तक्रार झाली, तेव्हा इव्ह गियमो यांनी तो ‘क्वाड्रुपल ए’, म्हणजे मोठ्या खेळांच्या ‘ट्रिपल ए’ दर्जाच्याही वरचा असल्याचे सांगितले आणि जगभर त्यांची थट्टा झाली. ‘एक्सडिफायंट’ हा गोळीबाराचा विनामूल्य खेळ मे २०२४ मध्ये आला. डिसेंबरमध्ये तो बंद करण्याचे जाहीर झाले आणि त्याबरोबर सॅन फ्रान्सिस्को व ओसाका येथील स्टुडिओंवरही पडदा पडला. ऑगस्ट २०२४ मधील ‘स्टार वॉर्स आउटलॉज’ची विक्री अपेक्षेपेक्षा कमी झाल्याचे कंपनीनेच कबूल केले. त्या धास्तीने ‘असॅसिन्स क्रीड शॅडोज’ १५ नोव्हेंबर २०२४ वरून आधी फेब्रुवारीवर आणि मग २० मार्च २०२५ वर ढकलला गेला. म्हणजे ज्या वर्षी सर्वाधिक गरज होती, त्याच वर्षी कंपनीचा सर्वांत मोठा अंक दिवाळीला निघाला नाही.

‘शॅडोज’ आल्यावर आठवड्याभरात तीस लाख खेळाडूंचा टप्पा ओलांडल्याचे जाहीर झाले. इथे एक सावधगिरी बाळगावी. ‘खेळाडू’ आणि ‘खरेदीदार’ हे समानार्थी शब्द नाहीत, कारण मासिक वर्गणी भरून खेळणाऱ्यांचीही गणना खेळाडूंत होते. वाचनालयातून दहा वाचकांनी नेलेल्या एका प्रतीवरून दहा प्रती खपल्याचा दावा कोणी केला, तर आपण त्याला हसू. कंपन्या विकलेल्या प्रतींऐवजी खेळाडूंची संख्या सांगू लागल्या, की मी पेन्सिल हातात घेतो.

‘प्रिन्स ऑफ पर्शिया’च्या अपयशात पुण्याचा वाटा किती?

हा प्रश्न पुण्यात दबक्या आवाजात विचारला जातो, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देतो. २००३ मधील ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम’ या गाजलेल्या खेळाची नवी आवृत्ती पुणे आणि मुंबई येथील स्टुडिओंकडे सोपवल्याचे सप्टेंबर २०२० मध्ये जाहीर झाले. भारतीय स्टुडिओंना एवढ्या मोठ्या नावाचे नेतृत्व मिळाल्याचा तेव्हा आनंद झाला होता. परंतु पहिल्या चित्रफितीतील दृश्यांच्या दर्जावर कडाडून टीका झाली. २१ जानेवारी २०२१ ही ठरलेली तारीख आधी मार्चवर, मग अनिश्चित काळावर गेली आणि मे २०२२ मध्ये काम माँट्रियलच्या स्टुडिओकडे देण्यात आले. शेवटी २१ जानेवारी २०२६ रोजी, मूळ तारखेला बरोबर पाच वर्षे झाली त्या दिवशी, हा खेळ रद्द करण्यात आला.

आता उत्तर. पहिली चित्रफीत कमी पडली, हे मान्य केले पाहिजे. परंतु त्यानंतर माँट्रियलच्या अनुभवी स्टुडिओकडे साडेतीन वर्षांहून अधिक काळ असूनही खेळ पूर्ण झाला नाही, हेही तितकेच खरे आहे. मुख्यतः सहयोगी कामाचा अनुभव असलेल्या स्टुडिओंवर लोकांच्या आठवणीत घर करून बसलेल्या खेळाची जबाबदारी टाकण्याचा निर्णय पुण्यात झाला नव्हता. ‘पुण्यामुळे कंपनी बुडाली’ असे कोणी म्हटले, तर त्याला ‘स्कल अँड बोन्स’ सिंगापूरच्या स्टुडिओने केला होता, एवढे सांगून विषय संपवावा.

टेन्सेंटने पैसे घातले, म्हणजे कंपनी चिनी झाली का?

नाही, परंतु घरातील सोन्याच्या डब्यात आता दुसऱ्याचाही हात आहे. व्यवहाराचे दोन भाग आहेत. सप्टेंबर २०२२ मध्ये टेन्सेंटने गियमो बंधूंच्या स्वतःच्या कंपनीत ३० कोटी युरो घालून ४९.९ टक्के आर्थिक हिस्सा घेतला, मतदानाचा हक्क मात्र पाचच टक्के ठेवला. पैसा घेतला आणि सूत्रे आपल्याकडेच ठेवली, असा तो व्यवहार होता.

दुसरा भाग मार्च २०२५ मध्ये जाहीर झाला आणि नोव्हेंबरमध्ये पूर्णत्वास गेला. ‘असॅसिन्स क्रीड’, ‘फार क्राय’ आणि ‘रेनबो सिक्स’ या तीन सर्वाधिक कमावत्या मालिका एका नव्या उपकंपनीकडे देण्यात आल्या. तिचे नाव पुढे व्हँटेज स्टुडिओज असे ठेवले गेले. टेन्सेंटने तिच्यात १.१६ अब्ज युरो घालून सुमारे एक चतुर्थांश हिस्सा मिळवला. मालिकांची मालकी मूळ कंपनीकडे असली, तरी त्या वापरण्याचा कायमस्वरूपी परवाना या उपकंपनीकडे आहे आणि त्याबद्दल ती मूळ कंपनीला स्वामित्वशुल्क देते. उपकंपनीच्या दोन प्रमुखांपैकी एक इव्ह गियमो यांचे चिरंजीव चार्ली गियमो आहेत, यावर टीका झाली, आणि ती मला रास्त वाटते.

वडिलोपार्जित शेतीच्या उदाहरणाने हे लवकर समजेल. बागायती जमीन वेगळ्या नावावर केली, तिच्यात भागीदार घेतला, त्याच्या पैशांतून सावकाराचे देणे बरेचसे भागवले आणि कोरडवाहू जमीन, जुने घर व गडीमाणसांचे पगार मूळ मालकाच्या नावावर राहिले. मालक बुडाला नाही, परंतु यापुढे बागेतील दर चार टोपल्यांपैकी एक भागीदाराची आहे. पुन्हा पैसा लागला, तर अशी विकण्याजोगी दुसरी बाग त्याच्याकडे नाही.

टेन्सेंटने पाव हिश्श्यासाठी एवढे मोजले, तर साऱ्या कंपनीचे मोल त्याहून कमी कसे?

हे कोडे खरे आहे. २२ जानेवारी २०२६ रोजी शेअर एका दिवसात एक तृतीयांशाहून अधिक कोसळला आणि पाच युरोंच्या खाली गेला. कंपनीचे सुमारे तेरा कोटी शेअर धरले, तर तिचे बाजारमूल्य सत्तर कोटी युरोंच्याही आत येते. टेन्सेंटने केवळ उपकंपनीच्या एका हिश्श्यासाठी मोजलेली रक्कम ११६ कोटी आहे. हाच शेअर जुलै २०१८ मध्ये शंभर युरोंच्या वर होता.

याचा एक अर्थ शेअर फार स्वस्त आहे, असा लावला जातो. दुसरा अर्थ मला अधिक पटतो. उपकंपनीचे चार-साडेचार अब्जांचे मूल्य एका दूरदृष्टीच्या आणि खोल खिशाच्या भागीदाराने ठरवले होते. बाजाराला ते मान्य नाही. शिवाय बाजार तीन मालिकांच्या किमतीतून मूळ कंपनीकडे राहिलेल्या खर्चाची, येत्या दोन वर्षांतील रोख गळतीची आणि देणी फेडण्यासाठी पुन्हा भांडवल उभारावे लागेल या शक्यतेची वजाबाकी करतो. आणखी एक गोष्ट अशी की, सूत्रे कुटुंबाकडे असल्याने बाहेरचा कोणी चढी बोली लावून सामान्य भागधारकाला सोडवील, ही आशाही किमतीत धरता येत नाही.

नोव्हेंबर २०२५ मध्ये शेअरचे व्यवहार का थांबवले होते?

सहामाही निकाल जाहीर होण्याच्या दिवशीच कंपनीने ते पुढे ढकलले आणि स्वतःहून व्यवहार स्थगित करण्याची विनंती केली, तेव्हा अफवांना ऊत आला होता. कारण मात्र हिशेबी होते. नव्या लेखापरीक्षकांनी एका भागीदारी करारातून आलेले उत्पन्न कोणत्या काळात दाखवावे, याविषयी वेगळे मत दिले आणि आधीच्या वर्षाचे आकडे दुरुस्त करावे लागले. दुरुस्त आकड्यांमुळे काही कर्जांच्या करारांतील कर्ज आणि उत्पन्न यांच्या प्रमाणाची अट मोडली गेली, आणि ती कर्जे मुदतीपूर्वी फेडण्याची वेळ आली. टेन्सेंटचे पैसे तेव्हा नेमके हाताशी येत होते म्हणून निभावले. करारातील अशा अटी आपल्याकडे बँकेच्या कर्जपत्रातही असतात आणि सही करताना त्या कोणी वाचत नाही, हे जाता जाता नमूद करतो.

मग कंपनी दिवाळ्यात निघेल का?

नजीकच्या काळात तसे होईल, असे मला वाटत नाही. मार्च २०२६ अखेरीस हाती १.२५ ते १.३५ अब्ज युरोंची रोकड आणि तिच्याहून थोडेसेच अधिक कर्ज, असे चित्र कंपनीने मांडले होते. एवढ्या रोकडीवर दरवर्षी चाळीस-पन्नास कोटींची गळती धरली, तरी काही काळ निघतो.

अडचण तारखांची आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये एक टक्क्याहूनही कमी व्याजाने उभारलेले ६० कोटी युरोंचे रोखे नोव्हेंबर २०२७ मध्ये फेडायचे आहेत आणि त्यापाठोपाठ २०२८ मध्ये परिवर्तनीय (शेअरमध्ये रूपांतर करता येणाऱ्या) रोख्यांची मुदत येते. पैसा जवळपास फुकट मिळत होता, त्या काळातले हे कर्ज आहे. ते नव्याने उभारायचे झाल्यास व्याज कितीतरी पट द्यावे लागेल, आणि रोकडीतून फेडले तर पुढचे खेळ तयार करायला खेळते भांडवल कमी पडेल. म्हणून २०२७ च्या दिवाळीपर्यंत निदान एक-दोन मोठे खेळ वेळेवर येऊन चालणे, हा या कंपनीपुढचा खरा पेपर आहे.

खर्चाच्या बाजूने तिने काम सुरू केले आहे. २०२२-२३ मधील सुमारे पावणेदोन अब्जांचा स्थिर खर्च मार्च २०२८ पर्यंत सव्वा अब्जावर आणण्याचे तिचे उद्दिष्ट आहे. एके काळी वीस हजारांच्या वर असलेली कर्मचारीसंख्या सप्टेंबर २०२५ पर्यंत सतरा हजारांच्या आसपास आली होती. जानेवारी २०२६ मध्ये हॅलिफॅक्स आणि स्टॉकहोमचे स्टुडिओ बंद करण्याचे जाहीर झाले आणि उरलेला संसार पाच स्वतंत्र सर्जनशील विभागांत वाटला गेला. खर्च कमी होईल, याविषयी मला शंका नाही. मात्र खेळ माणसे बनवतात, आणि नोकरकपातीच्या काळात आधी कोण निघून जाते, हे कोणत्याही पुणेरी आयटी कंपनीत काम केलेल्याला विचारावे. ज्याला बाहेर लगेच काम मिळते, तो.

एखादी मोठी कंपनी युबिसॉफ्टला विकत घेईल का?

मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२३ मध्ये अ‍ॅक्टिव्हिजन ब्लिझर्ड ही गेमची कंपनी घेतली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सौदी अरेबियाच्या गुंतवणूक निधीसह तिघांनी इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या दुसऱ्या गेम कंपनीसाठी ५५ अब्ज डॉलरचा करार जाहीर केला, त्यामुळे हा प्रश्न साहजिक आहे. परंतु युबिसॉफ्टचे गणित वेगळे आहे. गियमो कुटुंबाच्या संमतीविना ती घेणे कठीण आहे आणि त्या कुटुंबाचा इतिहास वर सांगितलाच आहे. व्हँटेजमध्ये टेन्सेंट बसली आहे आणि करारानुसार पहिली दोन वर्षे मूळ कंपनीने तिथले बहुमत सोडायचे नाही. ही मुदत नोव्हेंबर २०२७ च्या आसपास संपते, म्हणजे नेमकी रोखे फेडण्याच्या सुमारास. हा योगायोग असेल किंवा नसेल, पण कॅलेंडरवर खूण करून ठेवण्याजोगा आहे. संपूर्ण विक्रीपेक्षा उरलेल्या मालिका वा स्टुडिओ तुकड्यातुकड्याने विकले जाणे मला अधिक संभवनीय वाटते.

भारतातील कोट्यवधी मोबाइल खेळाडू कंपनीला तारतील का?

नाही. भारतात खेळणारे पुष्कळ आहेत, खेळासाठी पैसे देणारे त्या मानाने फार थोडे.

माझ्या मुलाला पुण्याच्या गेम स्टुडिओत नोकरी मिळत आहे. घेऊ द्यावी का?

कंपनीच्या तोट्यापेक्षा दोन गोष्टी आधी विचाराव्यात. नव्या रचनेत पाच विभागांना मदत करणाऱ्या स्टुडिओंचे एक वेगळे जाळे आहे. मदतनीस स्टुडिओचे काम इतरांच्या खेळांवर अवलंबून असते, त्यामुळे ‘मी कोणत्या खेळावर काम करणार आणि तो कोणत्या विभागाचा आहे?’ हे मुलाखतीतच विचारणे योग्य. ते गोपनीय असल्याचे उत्तर मिळू शकते, परंतु काम किती वर्षांचे आहे, याचा अंदाज तरी येतो. भारतातील खर्च पॅरिस वा माँट्रियलपेक्षा कमी असल्याने काटकसरीच्या काळात इथे काम वाढते, असा एक युक्तिवाद केला जातो आणि तो अगदीच पोकळ नाही. मात्र खेळच रद्द झाला, तर स्वस्त हातांनाही काम उरत नाही.

पालकांच्या एका भीतीचे निरसन करता येते. भविष्य निर्वाह निधीत नियमित भरली गेलेली रक्कम कंपनीच्या तिजोरीत नसते, त्यामुळे पॅरिसमधील तोट्याचा तिच्याशी संबंध नाही. ती दरमहा जमा होते की नाही, हे मुलाने स्वतःच्या पासबुकात पाहावे. कंपनीचे शेअर पगाराचा भाग म्हणून देऊ केले, तर ती रक्कम हिशेबात शून्य धरावी आणि घराच्या हप्त्याचे गणित त्याशिवाय बसते का, ते पाहावे. जानेवारी २०२६ मध्ये कंपनीने आठवड्याचे पाचही दिवस कार्यालयात येण्याचे धोरण जाहीर केले आहे. घर शोधण्यापूर्वी हे लक्षात घ्यावे, कारण पुण्यात पाच दिवसांचा प्रवास हाही पगारातून होणारा खर्च आहे.

शेअर शंभरावरून पाचाच्या खाली आला. आता आणखी किती पडणार? घ्यावा का?

पाच युरोंचा शेअर अडीचवर येऊ शकतो, आणि त्या दिवशी घेणाऱ्याचे निम्मे पैसे जातात. तो पूर्वी शंभरावर होता, याचा त्याला काहीही उपयोग होत नाही. पंचाण्णव टक्के पडलेला शेअर म्हणजे नव्वद टक्के पडल्यावर पुन्हा निम्मा झालेला शेअर.

शिवाय आपल्या दृष्टीने व्यवहाराच्या अडचणी आहेत. हा शेअर पॅरिसच्या बाजारातील आहे, परदेशी गुंतवणुकीची सोय देणारी आपल्याकडील बहुतेक ॲप अमेरिकी बाजारांपुरती असतात आणि अमेरिकेत त्याच्या ठेवपावत्यांची (शेअरच्या बदल्यात बँकेने काढलेल्या पावत्यांची) उलाढाल शेअरबाजाराबाहेर होते, जिथे खरेदी-विक्रीच्या भावांतील अंतर अधिक असते. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेत वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पैसे परदेशी पाठवता येतात, म्हणजे मर्यादेचा प्रश्न येणार नाही. परंतु एक शेअर घेतला, तरी आयकर विवरणपत्रात परदेशी मालमत्तेच्या परिशिष्टात त्याची नोंद करावी लागते आणि मोठ्या रकमेची नोंद चुकवल्यास दंडाची तरतूद कडक आहे. मला विचाराल तर, ज्याला हे सर्व सोपस्कार करून, गेलेच तर जाऊ देत, अशा रकमेचा जुगार खेळायचा असेल, त्याने खेळावा. मुलीच्या लग्नासाठी ठेवलेली मुदत ठेव त्यासाठी मोडू नये. माझ्याकडे हा शेअर नाही.

पुढील काळात कशावर लक्ष ठेवावे?

मे महिन्यात वार्षिक निकाल येतात. त्यात सर्वप्रथम रोख प्रवाहाचे पत्रक उघडावे आणि नंतर ताळेबंदातील विकासाधीन खेळांची रक्कम पाहावी. ती विक्रीच्या मानाने पुन्हा फुगू लागली असेल, तर पुढच्या निर्लेखनाची, म्हणजे खर्च पुस्तकातून पुसण्याची तयारी सुरू झाली, असे समजावे. जुन्या खेळांची विक्री किती टिकून आहे, हा तिसरा आकडा. ‘रेनबो सिक्स सीज’ हा २०१५ मधील खेळ अजूनही कमावतो आहे आणि नव्या खेळांच्या तारखा पुढे गेल्या की घर त्याच्यावर चालते. जानेवारी २०२६ मध्ये लांबणीवर टाकलेल्या सात खेळांपैकी एखादा जाहीर तारखेला आला, तर ती चांगली खूण. तारखा बदलण्याच्या घोषणा बहुधा शेअरबाजार बंद झाल्यावर, संध्याकाळी होतात.

कंपनी आणखी ढासळली, तर मी विकत घेतलेले खेळ चालू राहतील का?

जे खेळ इंटरनेटशिवाय चालतात आणि ज्यांची प्रत आपल्या यंत्रावर उतरवलेली आहे, त्यांना धोका कमी. जे कंपनीच्या सर्व्हरवर अवलंबून आहेत, ते कंपनी सुदृढ असतानाही बंद होतात. ‘द क्रू’ या मोटारींच्या खेळाचे सर्व्हर युबिसॉफ्टने ३१ मार्च २०२४ रोजी बंद केले आणि पैसे मोजून घेतलेला खेळ निरुपयोगी झाला. त्यातून उभ्या राहिलेल्या चळवळीने विकलेले खेळ असे मारून टाकू नयेत, या मागणीसाठी युरोपीय संघात दहा लाखांहून अधिक सह्या गोळा केल्या. सवलतीच्या दिवसांत खरेदी करण्यापूर्वी ‘इंटरनेट जोडणी कायम आवश्यक’ अशी ओळ दिसते का, तेवढे पाहावे, आणि दिसली तर आपण खेळ विकत घेत नसून काही काळापुरता भाड्याने घेत आहोत, असे समजून किंमत द्यावी.